वाटेचा खर्च आणि नाक्याचा खर्च

नवापूर स्टेशनच्या फलाटावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. स्टेशन बांधले तेव्हा हा सारा मुलूख एकाच मुंबई इलाख्यात होता. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि रेघ नेमकी फलाटावरून गेली. बाहेरगावची माणसे त्या बाकावर बसून फोटो काढतात. आम्हा गावकऱ्यांना त्याचे फारसे अप्रूप नाही. आमच्या लेखी सीमा म्हणजे बाकावरची रेघ नव्हे, तर सुरत-धुळे रस्त्यावरचा नाका. माझ्या लहानपणी तिथे ट्रकांची रांग लागलेली असे. ट्रकवाले चहा पिता पिता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत : रस्ता काही खात नाही, खातो तो नाका.

हे वाक्य मला साठी उलटल्यावर एका अगदी वेगळ्या संदर्भात आठवले. त्याचीच ही हकीकत आहे.

मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. प्रकाशतंतूचा धडा आला की फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो : ‘प्रकाश सर्वांत वेगवान, म्हणून तांब्याच्या जागी काच.’ मुले ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तेच लिहीत. मीही त्याला पूर्ण गुण देत असे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो बंगळुरूला चिपचे आराखडे करतो. बोलता बोलता म्हणाला, “सर, आता चिपच्या आतही प्रकाश न्यायचं चाललंय. एका कोअरपासून दुसऱ्या कोअरपर्यंत.” मी म्हटले, “बरोबर आहे. वेग हवा ना!” तो थोडा अवघडला. मग म्हणाला, “रागावू नका सर, पण वेगासाठी नाही. सिलिकॉनच्या त्या वाटेत प्रकाश निर्वातातल्यापेक्षा चौपट हळू चालतो.”

तो गेल्यावर मी आकडे तपासले. त्याचे म्हणणे खरे होते. साध्या प्रकाशतंतूतसुद्धा प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे निर्वातातल्या वेगाच्या दोन तृतीयांश. चांगल्या बनावटीच्या तांब्याच्या केबलमध्ये विजेचा संदेशही जवळपास त्याच वेगाने जातो. मग काचेने तांब्याला एकेका ठिकाणाहून का हटवले? मी जे फळ्यावर लिहीत आलो ते चुकीचे असेल, तर बरोबर काय? हे शोधताना मला वाटले होते की अमेरिकेतल्या प्रयोगशाळांचे कागद वाचावे लागतील. तेही वाचले. पण या कथेचे अर्धे मुक्काम मुंबई आणि पुण्यात निघाले.

समुद्रातला वर्गाचा नियम

फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळातले सर्वांत मोठे जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने निघाले. पोटात हजारो मैल लांबीची तार होती आणि ती ते समुद्राच्या तळाशी सोडत चालले होते. त्याच वर्षीच्या जूनपर्यंत मुंबई ते इंग्लंड अशी समुद्री तार जोडली गेली. एरवी पत्राला आठवडे लागत, तिथे आता मजकूर काही तासांत पोचू लागला.

पण ही तार एका सलग ओघात बोलत नव्हती. मुंबईचा संदेश एडनला उतरवून घेतला जाई आणि तिथून पुढे नव्याने पाठवला जाई. असे का, याचे उत्तर विल्यम टॉमसन यांनी (पुढे ते लॉर्ड केल्विन झाले) १८५५ मध्येच देऊन ठेवले होते. पाण्यातली तार ही नुसती वाट नसते. तिला आधी विजेने ‘भरावे’ लागते, जशी लांब नळी आधी पाण्याने भरावी लागते, मगच दुसऱ्या टोकाला धार लागते. तारेची लांबी दुप्पट केली तर रोधही दुप्पट होतो आणि धारिताही दुप्पट. म्हणून उशीर दुप्पट नव्हे, चौपट होतो. हाच वर्गाचा नियम. १८५८ च्या पहिल्या अटलांटिक तारेच्या वेळी हा नियम सगळ्यांनी मानला नाही. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सोळा तास लागले. मग जोर लावावा म्हणून तारेला दोन हजार व्होल्टचा दाब दिला गेला. काही आठवड्यांतच ती तार कायमची मुकी झाली.

तारेचा खर्च लांबीबरोबर नुसता वाढत नाही, तर फार वेगाने वाढतो, हा या प्रकरणाचा धडा. वाटेत ‘एडन’ उभारले तरच तो आवरता येतो, आणि प्रत्येक एडनला माणसे, यंत्रे आणि वीज लागते. नवापूरच्या भाषेत सांगायचे तर तांबे वाटेवरच पैसे घेते.

पुण्यातला काचेचा धागा

काचेच्या तंतूतून प्रकाश वाकवून नेता येतो हे मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये दाखवले. पण ती काच इतकी ‘गढूळ’ होती की थोड्याच अंतरात प्रकाश विझून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि हॉकहॅम यांनी दाखवून दिले की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने पुरेशी शुद्ध काच ओढून काढली.

त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १९७९ मध्ये, भारतातली टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी पहिली स्थानिक प्रकाशतंतू जोडणी सुरू झाली. ती पुण्यात झाली, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल.

एकाच शहरातल्या दोन एक्स्चेंजांमध्ये अंतर ते किती! तिथे वेगाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न गर्दीचा होता. जगभरातल्या शहरांत रस्त्याखालचे नळ तांब्याच्या जाडजूड केबलींनी भरून गेले होते. केसाएवढ्या तंतूतून शेकडो संभाषणे जाऊ शकत होती आणि वाटेत ती पुन्हा जोरकस करण्याची गरज फारशी पडत नव्हती. पण काचेची एक अट होती. अलीकडच्या टोकाला विजेचा प्रकाश करायचा आणि पलीकडच्या टोकाला प्रकाशाची वीज. ही दोन्ही यंत्रे महाग होती. म्हणजे प्रकाशाची वाट जवळजवळ फुकट, खर्च सगळा दोन्ही टोकांच्या नाक्यांवर.

इथेच माझ्या फळ्यावरच्या वाक्याची दुरुस्ती सापडली. तांब्याचा खर्च अंतराप्रमाणे वाढतो. प्रकाशाचा खर्च अंतराशी जवळपास निगडित नाही, तो नाका ओलांडण्याचा आहे. जिथे तांब्याच्या वाटेचा खर्च प्रकाशाच्या नाक्यांपेक्षा जास्त होतो, तिथे काच जिंकते. नाका जसजसा स्वस्त होत गेला तसतसे हे अंतर आखडत गेले : आधी शहराशहरांतले, समुद्रापलीकडचे आणि एक्स्चेंजांमधले, मग एकाच खोलीतल्या यंत्रांमधले. प्रकाशतंतूचा सगळा इतिहास म्हणजे या एका अंतराचा आखडत जाण्याचा इतिहास आहे.

परम आणि एका

एकाच खोलीतल्या यंत्रांची गोष्टही पुण्याचीच आहे. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळत नाही हे स्पष्ट झाल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. एकच प्रचंड प्रोसेसर करण्याऐवजी ६४ छोटे प्रोसेसर एकत्र राबवायचे, ही त्यामागची युक्ती. त्यासाठी निवडलेल्या ट्रान्सप्युटर या ब्रिटिश बनावटीच्या चिपला स्वतःच्याच चार जोडण्या होत्या.

चौसष्ट गडी आणि प्रत्येकाला फक्त चार शेजारी! पाचव्याशी बोलायचे तर निरोप मधल्या कोणाच्या तरी हातून जाणार. नवापूरहून नाशिकला जायचे तर वाटेत गाडी बदलावी लागते, तसेच हे. त्यामुळे अशा यंत्राचा आराखडा करणाऱ्याला गणित किती वेगाने होते यापेक्षा निरोप किती हातांतून जातो याची चिंता जास्त असते. १९९१ मध्येच गणितज्ञ नरेंद्र करमरकर यांनी याच चिंतेवर एक शोधनिबंध मांडला. प्रोसेसर आणि स्मृती यांची जोडणी प्रक्षेपी भूमितीच्या नियमाने करावी, ही त्यातली कल्पना. या भूमितीचे सर्वांत लहान उदाहरण वहीच्या पानावर काढता येते. सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू आणि कोणतेही दोन बिंदू घेतले तरी त्यांना सामाईक अशी एक रेषा हमखास असते. कोणीही कोणापासून दूर नाही.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये टाटांच्या पुण्यातल्या संगणक संशोधन प्रयोगशाळेचा ‘एका’ हा महासंगणक ११७.९ टेराफ्लॉप वेगाने जगाच्या यादीत चौथा आला. आशियात तो पहिला होता. वर्तमानपत्रांनी क्रमांकाचे मथळे दिले. मला मात्र त्याची दोन वैशिष्ट्ये जास्त मोलाची वाटतात. एक, त्याची कपाटे सरळ रांगांत न मांडता जवळजवळ वर्तुळात मांडली होती, म्हणजे कोणतीही दोन यंत्रे एकमेकांपासून फार लांब राहू नयेत. दुसरे, ती जोडायला प्रकाशतंतूच्या केबली वापरल्या होत्या. पुण्यात १९७९ मध्ये दोन एक्स्चेंजांमध्ये असलेला काचेचा धागा २८ वर्षांत एका दालनात येऊन पोचला होता.

चिपमधला केल्विन

आता शेवटचा मुक्काम, खुद्द चिप. नखाएवढ्या तुकड्यावर अंतर ते काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण तारा बारीक होत गेल्या तशी केल्विन यांची अडचण तिथे हुबेहूब परत आली. तारेची रुंदी आणि उंची दोन्ही अर्धी केली की रोध चौपट होतो. धारिता मात्र कमी होत नाही. ती प्रत्येक सेंटीमीटरमागे सुमारे दोन पिकोफॅरड एवढीच राहते, तार कितीही बारीक करा. म्हणजे ट्रान्झिस्टर आकाराने घटले की चपळ होतात, तारा उलट सुस्त होतात. उपाय तोच, वाटेत छोटी छोटी ‘एडन’ बसवायची. आजच्या चिपवर असे असंख्य पुनर्प्रेषक असतात आणि ते सतत वीज खातात, तापतात.

हे संकट १९८४ मध्येच काहींनी ओळखले होते. त्या वर्षी अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या मुख्य नियतकालिकात चिपसाठी प्रकाशीय जोडण्या या विषयावर एक शोधनिबंध आला. लेखक चार : गुडमन, लिओनबर्गर, कुंग आणि रवींद्र आठले. चौथ्या नावाशी मी थबकलो. रोमन अक्षरांतून वाचताना आठले म्हणावे की आठल्ये, याचा मी बराच वेळ विचार केला. आडनाव मात्र आपल्याकडचे आहे, यात शंका नाही. या निबंधात चिपच्या आत, चिप-चिपमध्ये आणि यंत्रा-यंत्रांमध्ये प्रकाश कसा नेता येईल, याची पायरीपायरीने छाननी आहे. या क्षेत्रातले अभ्यासक आजही सुरुवात याच निबंधापासून करतात.

त्या वेळी हा निबंध काळाच्या पुढे होता, कारण चिपवर कोअर एकच असे. २००१ मध्ये आयबीएमच्या ‘पॉवर ४’ या चिपवर दोन कोअर आले. उष्णतेमुळे एकाच कोअरचा वेग वाढवत नेणे अशक्य झाले आणि २००५ पासून घरगुती संगणकांतही कोअर दोनाचे चार, चाराचे आठ होत गेले. आता एका चिपच्या पोटातच ‘परम’ची ती जुनी अडचण उभी राहिली. कोणी कोणाशी, किती हातांतून बोलायचे?

सिलिकॉनचा अंधार

प्रकाशाची वाट चिपवर करणे सोपे निघाले. अवरक्त प्रकाशाला सिलिकॉन पारदर्शक आहे. त्याचा अपवर्तनांक सुमारे साडेतीन, भोवतालच्या काचेचा दीडहून थोडा कमी. त्यामुळे केसाच्या शंभराव्या भागाहून बारीक सिलिकॉनच्या पट्टीत प्रकाश कोंडून वळवता येतो. एकाच पट्टीतून अनेक तरंगलांबींचे प्रकाश एकमेकांत न मिसळता जातात, आणि दोन पट्ट्या एकमेकींना छेदून गेल्या तरी विजेच्या तारांसारखे शॉर्ट सर्किट होत नाही.

अवघड होता तो नाका. सिलिकॉन स्वतः प्रकाश देत नाही म्हटले तरी चालेल. त्याच्या अणुरचनेत विजेची ऊर्जा प्रकाश होण्याऐवजी बहुतेक उष्णताच होते. २००४-०५ मध्ये कॅलिफोर्नियात सिलिकॉनचे लेसर तयार झाले. त्यांचे तत्त्व होते १९२८ मध्ये कोलकात्यात सापडलेला रामन परिणाम. पण त्यालाही पेटवायला बाहेरून दुसरे लेसर लागतेच. म्हणून आजही बहुतेक रचनांत लेसर बाहेर ठेवतात आणि त्याचा प्रकाश नळाच्या पाण्यासारखा चिपवर आणतात. चिपचे काम त्या प्रकाशाची उघडझाप करणे एवढेच. त्यासाठी पट्टीशेजारी काही मायक्रोमीटरची एक सिलिकॉनची कडी असते. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ती कडी ओढून घेते आणि विजेच्या इशाऱ्याने तिचा सूर थोडा बदलला की तोच प्रकाश पुढे जाऊ देते. पलीकडच्या टोकाला जर्मेनियमयुक्त शोधक त्याची पुन्हा वीज करतो.

या कड्या फार नाजूक मिजाशीच्या. तापमान थोडे बदलले की त्यांचा सूर ढळतो. मग तो राखायला प्रत्येक कडीजवळ छोटी शेगडी लागते. शिवाय बाहेरचे लेसर, कोणी बोलो न बोलो, जळतच असते. नाक्यावर ट्रक नसला तरी दिवा आणि शिपाई असतोच, त्यातला प्रकार.

गोळा

२००८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘कोरोना’ नावाचा आराखडा मांडला. (महासाथ तेव्हा बारा वर्षे दूर होती. सूर्याच्या प्रभावलयाचे हे नाव.) २५६ कोअर, चार-चारांचे ६४ गट, आणि सगळे प्रकाशाने एकमेकांशी थेट जोडलेले. आराखडा कागदावर आणि संगणकी प्रतिरूपातच राहिला. पण तो वाचताना मी पुन्हा नवापूर स्टेशनवर जाऊन पोचलो.

त्यात एक अडचण होती. एकाच गटाला दोघांनी एकाच वेळी निरोप पाठवला तर? उपाय असा : प्रत्येक वाटेसाठी प्रकाशाचा एक छोटा ठिपका सर्व गटांजवळून फिरत राहतो. ज्याला बोलायचे आहे त्याने तो गिळायचा. तो हाती असेपर्यंत वाट त्याची. बोलणे संपले की ठिपका पुन्हा सोडून द्यायचा. इंग्रजीत त्याला ‘टोकन’ म्हटले आहे.

हे टोकन मी लहानपणी पाहिले आहे. आमचा रेल्वेमार्ग तेव्हा एकेरी होता. वेताच्या मोठ्या कड्याला चामडी पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा. तो गोळा हाती असल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या स्टेशनकडे गाडी न्यायची नाही, आणि दोन स्टेशनांमध्ये एका वेळी गोळा एकच बाहेर. धावत्या इंजिनातून कडे झेलणारा पॉइंट्समन हा आम्हा मुलांचा नायक होता. एकेरी वाट, अनेक इच्छुक आणि हातात असलेल्या वस्तूने सिद्ध होणारा हक्क! लोखंडी गोळ्याच्या जागी प्रकाशाचा ठिपका आला, नियम तोच राहिला.

डिसेंबर २०१५ मध्ये बर्कले, एमआयटी आणि कोलोरॅडो येथील गटांनी प्रत्यक्ष चिप करून दाखवली. सात कोटी ट्रान्झिस्टर, ८५० प्रकाशीय घटक, आणि तीही नेहमीच्या कारखान्यातल्या नेहमीच्या पद्धतीने बनवलेली. तिच्यावर प्रोसेसरचे कोअर दोन होते. मात्र प्रकाश त्या दोन कोअरांमध्ये नव्हता. तो प्रोसेसर आणि दूरची स्मृती यांच्यामध्ये होता. कारण उघड आहे. शेजारच्या कोअरशी बोलायला तांब्याची वाट अजूनही नाक्यापेक्षा स्वस्त पडते. २०२५ मध्ये एन्व्हिडियाने प्रकाशाचा नाका थेट स्विचच्या चिपशेजारी आणून बसवल्याचे जाहीर केले. म्हणजे ते अंतर आता सेंटीमीटरांवर आले आहे. कोअर ते कोअर हे शेवटचे काही मिलिमीटर मात्र प्रयोगशाळेतच आहेत. तिथे प्रकाश जाईल की नाही, हे प्रकाशाचा वेग ठरवणार नाही. ती कडी, ती शेगडी आणि ते सदा जळणारे लेसर किती स्वस्त होते, यावर ते ठरेल.

मी त्या विद्यार्थ्याला फोन करून हे सगळे सांगितले. आणि म्हटले, “तुला मी त्या उत्तराला पूर्ण गुण दिले होते. ते परत घ्यायला हवेत.” तो हसला. “सर, मग मुंबईची तार आणि पुण्याचा धागा, हे आम्हाला कोणी शिकवलं का नाही?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. एडनची तार इतिहासाच्या पुस्तकात होती, धारिता भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, ‘परम’ सामान्यज्ञानात. तिन्ही माझ्याच कपाटात होती. त्यांच्यामधला नाका मी कधी ओलांडला नाही.

परवा संध्याकाळी स्टेशनवर गेलो होतो. मार्ग आता दुहेरी झाला आहे, वेताचे कडे कधीच गेले. हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत घोषणा झाली. एक मालगाडी न थांबता सीमा ओलांडून सुरतेकडे गेली. बाकाशी एक जोडपे फोटो काढत होते. त्यांच्या फोनमधून तो फोटो निघाला असेल आणि कुठल्यातरी तंतूतून प्रकाश होऊन, पुन्हा वीज होऊन कोणाच्या तरी घरी पोचला असेल. वाटेत त्याला जवळजवळ काहीच खर्च आला नसेल.